कळपामागची माणसं

काऊबॉय या शब्दाचा सरळ मराठी अर्थ गुराखी. आमच्या लहानपणी जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा. त्यात एखादा इंग्रजी खेळ असला की डोक्याला रुंद टोपी, कमरेला पिस्तूल आणि बुडाखाली घोडा असा तो गडी दिसायचा. धडाधड गोळ्या सुटायच्या. पण हा गडी गुरं पाण्यावर कधी नेतो, वाटेत व्यालेल्या गाईचं काय करतो, वैरण कुठून आणतो, हे काही त्या सिनेमात दाखवत नव्हते. आम्ही गुरं राखणारी पोरं होतो, त्यामुळं आम्हाला ते जाणवायचं.

थोरला मुलगा टेक्सास राज्यात डॅलसला नोकरीला असतो. त्याच्याकडं दोनदा जाऊन राहिलो. म्हाताऱ्या शेतकऱ्याला शहरात काय दाखवायचं, असा त्याला प्रश्न पडला. मी म्हटलं, "मला तुमच्याकडची गुरं दाखव, आणि गुरं राखणाऱ्यांचं काही राहिलं असेल तर ते दाखव." मग त्यानं फोर्ट वर्थच्या जुन्या गुरांच्या बाजारात नेलं, तिथून पुढं पालो ड्युरो नावाच्या दरीत नेलं, आणि दरीजवळ कॅनियन गावात मोठं संग्रहालय आहे तेही दाखवलं. सून पाट्या वाचून मराठीत सांगायची. घरी आल्यावर मी तिच्याकडून पुस्तकंही वाचून घेतली. त्यातून जे हाताला लागलं ते इथं मांडतो.

त्यांचं आपसातलं मोठं युद्ध 1865 साली संपलं. टेक्सासची माणसं लढाईवर गेली होती, तोवर मागं त्यांची लांब शिंगांची गुरं रानात मोकाट वाढली. मालक नाही, दावं नाही. टेक्सासात अशा जनावराला चार डॉलर मिळणं मुश्कील, आणि उत्तरेकडच्या शहरांत त्याचेच चाळीस डॉलर. टेक्सासातून उत्तरेकडं जाणारी रेल्वे अजून नव्हती. मग एकच मार्ग उरला. गुरं चालवत न्यायची. दोन-तीन हजारांचा कळप, मागंपुढं दहा-बारा घोडेस्वार, एक आचारी, घोडी सांभाळणारा एक पोरगा. दिवसाला दहा-पंधरा मैल. दोन-तीन महिने चालल्यावर कॅन्सस राज्यातल्या ॲबिलीन गावी रेल्वे लागायची. 1867 पासून तिथं मोठा बाजार भरू लागला. गड्याला महिन्याला तीस-चाळीस डॉलर पगार. आचाऱ्याला त्याहून जास्त, आणि ते मला पटलं. त्याचा मान मालकाखालोखाल. झोपण्याआधी आचारी गाडीची दांडी ध्रुवताऱ्याकडं करून ठेवायचा, म्हणजे सकाळी ढग असले तरी उत्तर कळावी.

रात्री दोन-दोन तासांच्या पाळ्या. पाळीवरचा गडी कळपाभोवती घोडा फिरवत हळू आवाजात गाणी म्हणायचा. गाण्याची हौस म्हणून नाही, जनावराला अंधारात ओळखीचा आवाज ऐकू यावा म्हणून. वीज कडाडली की सगळा कळप एकदम उधळायचा. ही माणसं मेली ती बहुतेक अशीच: उधळलेल्या गुरांत सापडून, नदी ओलांडताना बुडून, रिकिबीत पाय अडकून घोड्यामागं फरफटत, अंगावर वीज पडून. पिस्तुलानं मेलेले त्या मानानं थोडे. हे ऐकल्यावर मला ती माणसं पहिल्यांदा आपल्यातली वाटली. आमच्याकडं पण माणूस विहिरीत पडून, बैलानं मारून, वीज पडून जातो.

आता एका माणसाचं जरा सविस्तर सांगतो. चार्ल्स गुडनाइट त्याचं नाव. जन्म 1836 चा, शाळा फार थोडी. मी दहावीपर्यंत शिकलो, तेवढंही त्याच्या नशिबात नव्हतं. ऑलिव्हर लव्हिंग नावाचा त्याच्याहून बराच वडीलधारा भागीदार त्याला मिळाला. 1866 साली या दोघांनी दोन हजारांच्या आसपास गुरं घेऊन सगळे जातात ती वाट सोडली आणि पश्चिमेकडून न्यू मेक्सिकोचा रस्ता धरला. या वाटेवर कॉन्चो नदीचा शेवटचा पाणवठा सोडला की पेकोस नदीपर्यंत ऐंशी-नव्वद मैल थेंब नाही. म्हणजे सव्वाशे-दीडशे किलोमीटर.

तीन दिवस, तीन रात्री चालवलं. थांबावं तर जनावर बसतं, आणि तहानलेलं जनावर एकदा बसलं की उठत नाही. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. वाटेत तीनशेच्या आसपास गुरं पडली. बाकीच्यांना पेकोसच्या पाण्याचा वास लागला तशी ती वाऱ्यासारखी पळत सुटली आणि उंच दरडीवरून नदीत कोसळली. मागच्यांनी पुढच्यांना तुडवलं. तिथंही शंभराच्या घरात गेली. तहानेनं काही नि पाण्यात काही.

त्या कळपात गाभण गाई होत्या. रोज पहाटे तळावर वासरं जन्मलेली असायची. जन्मलेलं वासरू पंधरा मैल चालत नाही, आणि वासराची आई वासरू सोडून चालत नाही. म्हणून गुडनाइट रोज सकाळी ती वासरं गोळी घालून मारायचा. म्हातारपणी त्यानं हे स्वतः सांगितलंय, आणि आपल्याला त्याचा तिटकारा होता असंही सांगितलंय. पुढच्या फेऱ्यांना त्यानं वासरांसाठी वेगळी गाडी केली. पण त्यात नवीन अडचण आली. गाडीत वासरं एकमेकांना घासली की वास मिसळायचा, आणि संध्याकाळी गाई आपलं वासरू ओळखेनात. मग त्यानं काय केलं, प्रत्येक वासराला वेगळं पोतं, पोत्यावर आकडा, आणि रोज त्याच वासराला तेच पोतं. संध्याकाळी पोत्यातून काढलं की आई चाटायला तयार.

हे ऐकून मी सुनेला तिथंच थांबवलं आणि पुन्हा वाचायला सांगितलं. आमच्या माणदेशातून धनगरांचे वाडे उन्हाळ्यात चाऱ्यामागं लांब जातात, तेव्हा चालता न येणारी कोकरं घोड्याच्या पाठीवर असतात आणि संध्याकाळी ज्याच्या त्याच्या आईला लावायचं काम बायकांचं असतं. ती बाई शंभर मेंढरांत कुठलं कोकरू कुठलीचं ते बघून सांगते. तिच्याकडं आकड्याचं पोतं नसतं, एवढाच फरक.

कळप फोर्ट समनरला पोचला. तिथं सैन्यानं गुरं जिवंत वजनावर आठ सेंट पौंड भावानं घेतली आणि सोन्यात बारा हजार डॉलर दिले. सैन्याला एवढं मांस कशाला लागत होतं? तिथं आठ हजारांवर नाव्हाहो माणसं कोंडून ठेवलेली होती. त्यांना त्यांच्या मुलखातून शेकडो मैल चालवत आणलेलं. त्यांच्या पिकाला कीड लागलेली, नदीचं पाणी खारट, माणसं उपासमारीनं आणि रोगानं मरत होती. त्यांच्या तोंडात घालायला हा कळप विकला गेला. 1868 साली सरकारनं त्यांना परत जाऊ दिलं. गुरांची वाट नकाशात गुडनाइट-लव्हिंग वाट म्हणून आहे, तिच्यावर सिनेमे निघाले. नाव्हाहो ज्या वाटेनं चालत आले त्या वाटेचे हाल काही कमी नव्हते. त्यात म्हाताऱ्या होत्या, लेकुरवाळ्या होत्या. चिवटपणाचाच हिशेब मांडायचा तर तोही त्याच पानावर मांडावा लागेल.

परत येताना गुडनाइटनं सोनं खेचरावर लादलं होतं. एका रात्री वादळात ते खेचर बिथरून पळालं. त्यानं कसंबसं ते धरलं, सोनं राहिलं, पण शिधा कुठं सांडला तो सांडला. जन्मात पाहिलं नाही एवढं सोनं जवळ आणि त्यातून पाण्याचा घोट येईना की भाकरीचा तुकडा येईना, हे त्याच्या चांगलं ध्यानात राहिलं.

पुढच्याच वर्षी, 1867 ला, लव्हिंग कळपाच्या पुढं सौद्यासाठी निघाला असताना पेकोसकाठी कोमांची लोकांनी त्याला गाठलं. मनगटात आणि कुशीत गोळी. कसाबसा फोर्ट समनरला पोचला, पण जखम सडली आणि तो गेला. मरताना म्हणाला, मला परक्या मुलखात ठेवू नका. गुडनाइटनं शब्द दिला. पण आधी कळप पोचवला, व्यवहार पुरा केला, आणि मग येऊन पुरलेलं प्रेत काढलं. तेलाचे रिकामे डबे ठोकून सपाट केले, त्यांची पेटी केली, प्रेताभोवती कोळसा भरला, आणि गाडीवर घालून 1868 च्या सुरुवातीला टेक्सासात वेदरफर्ड गावी आणून पुरलं. आधी कळप आणि मग मित्र, हे कुणाला कोरडेपणाचं वाटेल. मला वाटलं नाही. घरात मयत झालं तरी धार काढावीच लागते.

याच वेदरफर्डला बोस आयकर्ड नावाच्या गड्याची कबर आहे. हा काळा माणूस, जन्मानं गुलाम. युद्धानंतर मोकळा झाला आणि गुडनाइटच्या कळपामागं चालला. गुडनाइट पैसे त्याच्याकडं सांभाळायला द्यायचा, कारण काळ्या माणसाकडं पैसे असतील असं चोराला वाटायचं नाही. त्या काळच्या घोडेस्वारांत असे काळे गडी बरेच होते, आणि मेक्सिकोचे त्याहून जुने. फास टाकणं, खोगीर, डाग देणं, ही सगळी विद्या मूळची मेक्सिकोच्या गुराख्यांची. सिनेमात मात्र टोपीखाली गोराच चेहरा. 1929 साली आयकर्ड वारला तेव्हा नव्वदी ओलांडलेल्या गुडनाइटनं त्याच्या कबरीवर दगड बसवला. त्याच वर्षाअखेर गुडनाइटही गेला.

पालो ड्युरो दरी मी बघितली. सपाट माळावरून गाडी चालते, चालते आणि एकदम जमीन फाटून खाली लाल माती दिसते. आत पाणी, झाडं, आडोसा. जनावराला याहून चांगला गोठा सापडायचा नाही. 1876 साली गुडनाइट सोळाशे गुरं घेऊन इथं उतरला. पण त्याआधी दोनच वर्षं, 1874 च्या सप्टेंबरात, कर्नल मॅकेन्झीच्या फौजेनं याच दरीत कोमांची, कायोवा आणि शायेन लोकांच्या हिवाळी तळावर हल्ला केला होता. माणसं फार मेली नाहीत. साठवलेलं मांस आणि तंबू जाळले, आणि त्यांची हजाराहून जास्त घोडी धरून गोळ्या घालून मारली. घोड्याशिवाय तो माणूस म्हणजे बैलाशिवाय मी. पुढच्या वर्षी ते शरण आले. दरी अशी मोकळी झाली होती.

गुडनाइटला भांडवल दिलं जॉन अडेर नावाच्या आयर्लंडच्या जमीनदारानं. हाच तो, ज्यानं 1861 साली आयर्लंडात डेरीव्हे इथल्या आपल्या कुळांची चाळीसच्या वर घरं एका झटक्यात रिकामी केली. त्याच्या नावावर पुढं टेक्सासात तेरा लाख एकरांच्या आसपास जमीन आणि लाखभर गुरं झाली. गुराख्याच्या चिवटपणातून पैसा कुणाकडं गेला, ते त्यावरून बघा.

1877 साली गुडनाइटची बायको मॉली तिथं राहायला आली. सगळ्यात जवळची शेजारीण पंचाहत्तर मैलांवर. बाईमाणूस महिनोन्‌महिने दिसायचं नाही. तिची एक गोष्ट तिथं सांगतात. एका गड्यानं पोत्यात घालून तीन कोंबड्या आणल्या, जेवणासाठी. मॉलीनं त्या कापू दिल्या नाहीत. त्या तिच्या मागं मागं हिंडायच्या आणि ती त्यांच्याशी बोलायची. मला त्या सगळ्या संग्रहालयातली खोगिरं, बंदुका, काटेरी तारांचे नमुने यांपेक्षा या तीन कोंबड्या जास्त लक्षात राहिल्या. मळ्यात एकटी राहणारी आमची चुलती भिंतीवरच्या पालीशीसुद्धा बोलायची.

याच मॉलीनं आणखी एक केलं. रानरेड्यांची, म्हणजे तिथल्या बायसनची, कातड्यासाठी एवढी कत्तल झाली होती की कोट्यवधींतून काही शेच उरले. रात्री आईविना ओरडणारी त्यांची पिल्लं तिला ऐकवेनात. तिनं नवऱ्याकडून काही पिल्लं धरून आणवली आणि वाढवली. त्यांचा वंश आज टेक्सासात कॅपरॉक कॅनियन्सच्या सरकारी राखीव रानात आहे. 1878 साली शरण आलेले कोमांची शिकारीची परवानगी काढून दरीत आले तेव्हा त्यांना मारायला बायसन उरलाच नव्हता. गुडनाइटनं त्यांचा म्होरक्या क्वाना पार्कर याच्याशी बोलून एक दिवसाआड दोन गुरं देण्याचं ठरवलं. त्याला चांगलं म्हणावं की हिशेबी, मी ठरवू शकत नाही. शेजाऱ्याशी भांडण नको म्हणून बांधावरचं आंब्याचं झाड सोडणारे शहाणे आमच्या गावातही आहेत.

आता खरी कसोटी. वीसेक वर्षं गुरांचा धंदा असा चालला की इंग्लंड-स्कॉटलंडचे सावकार पैसे ओतू लागले. उत्तरेला माँटाना, वायोमिंग, डकोटापर्यंत कळप पोचले. सगळ्यांची समजूत एकच: गवत देवाचं, गुरं रानात सोडून द्यायची, हिवाळ्यात ती आपली आपण जगतात. वैरण साठवायची नाही, गोठा बांधायचा नाही. 1886 चा उन्हाळा कोरडा गेला, रान आधीच जास्त गुरांनी खाऊन संपवलेलं. नोव्हेंबरातच बर्फ पडायला लागला. मध्ये थोडं वितळलं आणि पुन्हा गोठलं, त्यामुळं गवतावर काचेसारखा थर बसला. गाईला तो फोडता येईना. नाकाडं आणि पाय रक्ताळले. जानेवारीत वादळामागून वादळं आली. जनावर वाऱ्याला पाठ देऊन चालत राहतं, तशी ती चालली आणि काटेरी तारेच्या कुंपणाला अडून एकमेकांवर पडून मेली. टेक्सासच्या उत्तर टोकाला तर त्याच्या आदल्याच हिवाळ्यात हेच झालं होतं. वसंतात बर्फ वितळलं तेव्हा नद्यांतून मढी वाहत आली. कित्येकांचे अर्ध्याहून जास्त कळप संपले. पुढं राष्ट्राध्यक्ष झालेला थिओडोर रूझवेल्टही तेव्हा डकोटात गुरं पाळत होता. त्याचंही कंबरडं मोडलं.

या सगळ्यात चिवट माणसं कमी नव्हती. गोठवणाऱ्या वाऱ्यात घोड्यावर बसून गुरं हुसकत फिरलेले गडी होते, कुणाची बोटं गेली, काही परतच आले नाहीत. पण जनावराच्या पोटात गवत नव्हतं, तिथं घोड्यावरच्या माणसाची छाती किती रुंद आहे याला काय किंमत? माँटानाचा ग्रॅनव्हिल स्टुअर्ट हा त्यातला मोठा पशुपालक. पुढं तो म्हणाला, ज्याला खाऊ घालता येत नाही आणि आडोसा देता येत नाही असं जनावर आपल्याला आता नकोच. त्या हिवाळ्यानंतर जे टिकले त्यांनी कळप लहान केले, गवत कापून गंजी रचल्या, पवनचक्कीनं पाणी उपसलं. म्हणजे थोडक्यात, ते शेतकरी झाले. सिनेमा तिथं संपतो, कारण गंजीवर बसलेल्या माणसाला कोण बघणार.

मी हे वाचताना मला 1972 चं साल आठवत होतं. मी तेव्हा शाळकरी पोर. आमची खिल्लार जोडी होती. ज्वारी दोन वर्षं नीट झाली नव्हती, कडब्याची गंज संपली, मग छपराचं पाचट काढून बैलांना घातलं. शेवटी वडिलांनी जोडी बाजारात नेली. भाव काय आला ते त्यांनी कधीच सांगितलं नाही, आईनंही विचारलं नाही. त्या वर्षी रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी मिळायची. भाकरी लालसर व्हायची, घशाखाली उतरायची नाही, पण उतरवली. पालो ड्युरोच्या भोवतालच्या माळावर मैलोन्‌मैल तीच मिलो उभी बघितली आणि मुलाला गाडी थांबवायला लावली. कणीस हातात घेऊन बघितलं. तो म्हणाला, "आण्णा, काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, ओळखीची निघाली." दुष्काळ बघितलेली म्हातारी माणसं आमच्यात आता बढाया मारतात, आम्ही असे काटक होतो म्हणून. माणसं काटक होतीच. बैल पण होते, त्यांना कोण विचारतो.

आणखी एक ओळख तिथं निघाली, तीही सांगून टाकतो. फोर्ट वर्थकडून येताना एका कुंपणात करड्या रंगाची गुरं दिसली. पाठीवर वशिंड, गळ्याला लोंबती पोळी, कान खाली. मी म्हटलं, "अरे, ही आपली!" मुलाला खोटं वाटलं. पण खरंच निघालं. टेक्सासच्या दक्षिणेला उष्मा आणि गोचिडाचा ताप यांपुढं युरोपच्या जातीची गुरं टिकत नव्हती, म्हणून तिथल्या लोकांनी आपल्याकडची वशिंडाची गुरं नेली. 1854 ते 1926 या काळात मिळून तीनशेही जनावरं गेली नसतील, आणि त्यात गाई फारच थोड्या. 1906 साली टेक्सासच्या एका पशुपालकानं खास हिंदुस्थानात येऊन खरेदी केली. त्यातली काही न्यूयॉर्कजवळच्या बेटावर तपासणीत रोग निघाल्यामुळं मारावी लागली, उरलेली टेक्सासात पोचली. गीर, कांकरेज, ओंगोल आणि चौथी कृष्णाकाठी, या चार जातींपासून त्यांनी आपली ब्रह्मन जात केली. त्या जातीची संघटना 1924 पासून आहे.

कृष्णाकाठी जात म्हणजे सांगली भागातल्या संस्थानिकांनी एकोणिसाव्या शतकात काळ्या चिकट रानासाठी मुद्दाम तयार करवलेली. धिप्पाड, थंड डोक्याची, नांगराला दमदार. माझं आजोळ कृष्णाकाठचं. लहानपणी मामाच्या दावणीला असा एक बैल होता, त्याच्या वशिंडापर्यंत माझा हात पोचायचा नाही. आता काळं रान ट्रॅक्टरच ओढतो, आणि त्या गावात ही जात राहिली नाही. परत आल्यावर मामाच्या मुलाला मोबाईलमधले फोटो दाखवले. त्यानं बराच वेळ बघितले आणि विचारलं, "तिकडं यांना वैरण काय घालतात रे?"